चिरविश्रांतीच्या बागेतले वाटसरू

भाद्रपदाचा वद्य पक्ष आला की महाराष्ट्रातील घराघरांत दिवंगतांची आठवण निघते. कौलावर, गच्चीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर काकबळी ठेवला जातो आणि कावळा कधी येतो याची वाट पाहिली जाते. मृतांचे स्मरण आणि पाखराची प्रतीक्षा यांची सांगड आपल्या परंपरेने फार पूर्वीपासून घातली आहे. साधारण याच दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील एका दफनभूमीतही माणसे माना वर करून पाखरांची वाट पाहत असतात. त्यामागे कोणताही विधी नसतो. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर लांब नळीचा कॅमेरा आणि पायांत दवाने भिजलेले बूट अशा वेशात ही मंडळी थडग्यांमधल्या पायवाटांवरून अतिशय हळू चालत असतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले लक्षावधी पक्षी रात्रीच्या प्रवासानंतर जिथे विसावतात, त्या थांब्यांपैकी हा एक होय.

या जागेचे नाव माउंट ऑबर्न दफनभूमी. मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टन शहराला लागून असलेल्या केंब्रिज आणि वॉटरटाउन या दोन गावांच्या सीमेवर ती पसरली आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या चौकातून बसने काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. क्षेत्रफळ सुमारे १७५ एकर, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कच्या सहापट. सुमारे एक लाख माणसे येथे चिरनिद्रा घेत आहेत. पाच हजारांहून अधिक वृक्ष, तळी, टेकाडे, खोलगट दऱ्या आणि वळणावळणाच्या वाटा असे तिचे रूप आहे. येथे आजवर दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे क्षेत्र म्हणून राज्यात तिची गणना होते. दफनभूमी आणि पक्षीतीर्थ या दोन गोष्टी एकाच कुंपणात कशा नांदू लागल्या आणि त्यांचे सहजीवन कशावर टिकून आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

स्मशानाची बाग कशी झाली

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बॉस्टनमधील मृतांना चर्चच्या आवारात किंवा गावातील दाटीच्या दफनभूमीत पुरले जाई. जागा अपुरी पडू लागली, एकाच खड्ड्यात अनेक शवे ठेवण्याची वेळ आली आणि अशा जागांमुळे रोगराई पसरते ही भीतीही वाढली. जेकब बिगेलो हे पेशाने वैद्य आणि आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मृतांना शहराबाहेरच्या मोकळ्या हवेत, झाडांच्या सावलीत जागा द्यावी, हा विचार त्यांनी १८२५ पासून लावून धरला. मॅसॅच्युसेट्सच्या उद्यानविद्या संस्थेने तो उचलला आणि २४ सप्टेंबर १८३१ रोजी माउंट ऑबर्नचे विधिवत उद्घाटन झाले. पॅरिसमध्ये १८०४ साली सुरू झालेल्या पेर लाशेझ या दफनभूमीचा आदर्श समोर होता. आरंभीची जागा ७२ एकर होती, ती पुढे वाढत गेली.

संस्थापकांनी टेकड्या सपाट केल्या नाहीत, तळी बुजवली नाहीत. जमिनीचा मूळ उंचसखलपणा राखून त्यातून रस्ते वळवले आणि नाना देशांची झाडे लावली. इंग्रजीत दफनभूमीला जो शब्द पुढे रूढ झाला, त्याचे ग्रीक मूळ ‘झोपण्याची जागा’ असे आहे. मृत्यूकडे पाहण्याची ही नवी, सौम्य दृष्टी लोकांना इतकी भावली की शोक नसलेली माणसेही येथे फिरावयास येऊ लागली. त्या काळी अमेरिकेत सार्वजनिक उद्याने जवळजवळ नव्हतीच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची उभारणी सुरू होण्यास अजून पाव शतक अवकाश होता. माउंट ऑबर्नच्या पाठोपाठ १८३६ मध्ये फिलाडेल्फियात लॉरेल हिल आणि १८३८ मध्ये ब्रुकलिनमध्ये ग्रीन-वुड या उद्यानवजा दफनभूमी उभ्या राहिल्या. ग्रीन-वुडच्या गॉथिक शैलीतील कमानीवर तर मूळच्या दक्षिण अमेरिकेतील मंक पोपटांनी काटक्यांची मोठमोठी घरटी बांधून कायमचा मुक्काम केला आहे.

बाग उभी राहिली ती माणसांच्या सांत्वनासाठी. पक्ष्यांचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात नव्हता. पण भोवतालचे शहर वाढत गेले, शेते आणि रानांच्या जागी घरे, रस्ते आणि कारखाने आले. ही जमीन मात्र कोणी विकू शकत नव्हते, कारण तिच्या पोटात लोकांचे पूर्वज होते. पावणेदोनशे-दोनशे वर्षांत येथील ओक, बीच आणि मेपल वृक्ष म्हातारे झाले, त्यांना ढोल्या पडल्या आणि शहराच्या मध्यभागी जुन्या झाडांचे एक बेट आपोआप शिल्लक राहिले.

पाखरे येथेच का उतरतात

शरदात स्थलांतर करणारे बहुतेक लहान पक्षी रात्री उडतात. रात्रीची हवा थंड आणि स्थिर असते, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते आणि दिवसभर खाण्यासाठी वेळ मोकळा राहतो. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात ते आकाशात झेपावतात. तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आधारे दिशा धरून पहाटेपर्यंत उडत राहतात. उजाडू लागले की खाली उतरण्याची निकड निर्माण होते. त्या वेळी खाली सिमेंटचे, काचेचे आणि डांबराचे शहर असेल तर त्यात उठून दिसणारा हिरवा ठिपका म्हणजे त्यांच्या दृष्टीने भर वाळवंटातली पाणपोई. माउंट ऑबर्न हा असाच ठिपका आहे.

वारा कोणत्या दिशेचा आहे, यावर बरेच काही ठरते. शरदात उत्तरेकडून थंड हवेची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेकडे निघालेल्या पाखरांना तो पाठीवरचा वारा ठरतो आणि त्या रात्री ती मोठ्या संख्येने निघतात. म्हणूनच येथील जाणकार निरीक्षक पंचांगापेक्षा हवामानाचा नकाशा अधिक बारकाईने पाहतात. पाऊस आणि उकाड्यानंतर एकाएकी हवा कोरडी आणि गार झाली की दुसऱ्या दिवशीची सकाळ चुकवायची नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे.

उतरलेल्या पाखराला तीन गोष्टी हव्या असतात: अन्न, पाणी आणि निर्धास्तपणा. ओकच्या पानांवर अळ्या आणि कीटक असतात, त्यावर वॉर्ब्लर, व्हिरिओ असे कीटकभक्षी पक्षी तुटून पडतात. डॉगवुडची लाल फळे चरबीने समृद्ध असतात. लांबच्या उड्डाणासाठी हेच इंधन लागते. त्यांच्यावर अमेरिकन रॉबिन आणि सीडर वॅक्सविंग यांच्या झुंडी दिसतात. हा रॉबिन म्हणजे आपल्याकडील कस्तुर पक्ष्याचा सख्खा भाऊबंद, दोघांची प्रजाती एकच. तळ्यांच्या उथळ काठावर पाणी पिण्याची आणि अंघोळीची सोय होते. यातील एका तळ्याचे नाव हॅल्सियन. ग्रीक पुराणकथेत समुद्रात बुडालेल्या पतीच्या शोकाने व्याकूळ झालेली अल्सायोनी पुढे खंड्या पक्षी झाली, त्या कथेशी हे नाव जोडलेले आहे. आपल्या विहिरी-ओढ्यांवर दिसणाऱ्या पांढऱ्या छातीच्या खंड्याच्या शास्त्रीय नावातही हाच ‘हॅल्सियन’ शब्द आहे. शोकाच्या जागेतील तळ्याला याहून समर्पक नाव सुचणे कठीण.

बारा ग्रॅमचा प्रवासी

येथे उतरणाऱ्या पाखरांच्या दृष्टीने हा थांबा किती मोलाचा असतो, ते ब्लॅकपोल वॉर्ब्लर या एकाच पक्ष्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. त्याचे एरवीचे वजन सुमारे बारा ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखरेइतके. कॅनडा आणि अलास्काच्या सूचिपर्णी अरण्यांत तो वीण घालतो आणि हिवाळ्यासाठी दक्षिण अमेरिकेत जातो. शरदात तो आधी पूर्वेकडे, अटलांटिकच्या किनाऱ्याकडे सरकतो आणि तेथे अखंड खाऊन आपले वजन जवळजवळ दुप्पट करतो. मग एके रात्री अनुकूल वारा पाहून थेट समुद्रावर झेप घेतो.

हा पक्षी खरोखरच समुद्रावरून न थांबता जातो काय, याविषयी अनेक दशके तर्कवितर्क होते. संशोधकांनी अर्धा ग्रॅम वजनाची प्रकाशनोंद यंत्रे काही ब्लॅकपोलांच्या पाठीवर बसवली. त्या नोंदींवर आधारित निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शंका फिटली. दोन ते तीन दिवस अखंड उडून या पाखरांनी २,२७० ते २,७७० किलोमीटर अंतर तोडले होते आणि ती कॅरिबियन बेटांवर उतरली होती. मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या साधारण दुप्पट एवढी ही मजल, तीही खाली टेकायला फांदी नसताना. या झेपेआधीच्या दिवसांत एखाद्या पाखराला वारंवार उडावे लागले, खाणे अर्धवट सोडून पळावे लागले, तर साठवलेली चरबी वाया जाते. किनाऱ्यावर कमी पडलेला एखादा ग्रॅम समुद्रावर जीवघेणा ठरू शकतो. दफनभूमीतील फांदीवर अळ्या टिपणाऱ्या पाखराकडे पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी लागते.

शरदातील ओळखपरेड

माउंट ऑबर्नची ख्याती वसंतासाठी अधिक आहे. मे महिन्यात नर वॉर्ब्लर भडक पिसारा लेवून गात येतात, त्यामुळे त्यांना शोधणे आणि ओळखणे तुलनेने सोपे असते. शरदाची परीक्षा निराळी. गाणे थांबलेले असते, नरांनी आपली झगझगीत वस्त्रे उतरवलेली असतात आणि त्यांच्यात त्या वर्षीच जन्मलेली, फिकट रंगांची पिल्ले मोठ्या संख्येने मिसळलेली असतात. वसंतात काळी टोपी आणि पांढरे गाल मिरवणारा ब्लॅकपोल शरदात हिरवट-पिवळसर, अंगावर पुसट रेघा असलेला सामान्य पक्षी बनतो. रॉजर टोरी पीटरसन यांची पक्ष्यांची सुप्रसिद्ध क्षेत्रपुस्तिका १९३४ मध्ये बॉस्टनमधूनच प्रकाशित झाली. तिच्यात या शरदातील वॉर्ब्लरांना ‘गोंधळात टाकणारे’ असे शीर्षक देऊन त्यांची चित्रे एकत्र दिलेली आहेत, यावरून अडचणीची कल्पना यावी.

अशा वेळी रंगापेक्षा इतर खुणांवर भर द्यावा लागतो. पंखांवर पांढऱ्या पट्ट्या आहेत की नाहीत, डोळ्याभोवती कडे आहे काय, शेपटीखालचा भाग पांढरा की पिवळा, पायांचा रंग कोणता, पक्षी शेपूट हलवतो की नाही, फांदीच्या टोकाशी चरतो की खोडावर, या बारकाव्यांतून नाव निश्चित होते. ब्लॅकपोलच्या बाबतीत त्याचे पिवळसर पाय मोठी साक्ष देतात. दुसरी युक्ती चिकडी या काळ्या टोपीच्या चिमुकल्या, स्थानिक पक्ष्याची. मॅसॅच्युसेट्सने १९४१ मध्ये त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला. परगावाहून आलेली पाखरे या माहीतगार स्थानिकांच्या टोळीत सामील होऊन चरतात. चिकडींचा कलकलाट ऐकू आला की तेथे थांबून संपूर्ण टोळी न्याहाळावी, म्हणजे त्यात दोन-तीन प्रवासी हमखास सापडतात.

ऋतूचा क्रमही ठरलेला असतो. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत वॉर्ब्लरांचा भर असतो. तीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डही याच काळात निरोप घेतो. सप्टेंबरच्या मध्याला ब्रॉड-विंग्ड हॉक हे शिकारी पक्षी दिवसा, तापलेल्या हवेच्या भोवऱ्यावर घिरट्या घेत वर चढतात आणि पंख न हलवता दक्षिणेकडे घसरत जातात. त्यासाठी निरीक्षक दफनभूमीच्या सर्वोच्च टेकाडावरील ६२ फुटी वॉशिंग्टन मनोऱ्याकडे वळतात. तेथून बॉस्टन शहर आणि आभाळ दोन्ही मोकळे दिसतात. ऑक्टोबरमध्ये किंगलेट, हर्मिट थ्रश, नाना प्रकारच्या अमेरिकन चिमण्या आणि यलो-रम्प्ड वॉर्ब्लर येतात. हा वॉर्ब्लर बेबेरीच्या फळांवरील मेणही पचवू शकतो, म्हणून इतर वॉर्ब्लर निघून गेल्यावरही तो थंडीत तग धरतो.

बंदूक, दुर्बीण आणि कॅमेरा

या दफनभूमीत पक्षिनिरीक्षणाचा इतिहासही विसावलेला आहे. विल्यम ब्रूस्टर (१८५१-१९१९) हे केंब्रिजचे नामवंत पक्षितज्ज्ञ. अमेरिकेतील सर्वांत जुनी पक्षिअभ्यास संस्था असलेल्या नटॉल क्लबची १८७३ मध्ये स्थापना करणाऱ्यांत ते होते. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो बंदुकीने टिपून हातात घ्यायचा, अशीच रीत होती. ब्रूस्टर यांनीही हजारो पक्ष्यांची कातडी जमवली. पण पुढे स्त्रियांच्या टोप्यांवर मिरवण्यासाठी होणाऱ्या पिसांच्या व्यापाराने बगळ्यांसारख्या पक्ष्यांचा संहार मांडला, तेव्हा हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या बॉस्टनच्या दोन महिलांनी १८९६ मध्ये मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन संस्था उभी केली. तिचे पहिले अध्यक्षपद ब्रूस्टर यांनी स्वीकारले. अशा चळवळींच्या रेट्यातून १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा केंद्रीय कायदा झाला.

बंदुकीकडून दुर्बिणीकडे झालेल्या या वळणावरचे दुसरे मोठे नाव लडलो ग्रिस्कम (१८९०-१९५९). हार्वर्डच्या तुलनात्मक प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात १९२७ पासून काम करणाऱ्या ग्रिस्कम यांनी जिवंत पक्षी दुरूनच, त्याच्या खुणा आणि हालचालींवरून अचूक ओळखता येतो हे दाखवून दिले. पीटरसन यांच्यावर त्यांचा मोठा प्रभाव होता. ब्रूस्टर आणि ग्रिस्कम हे दोघेही माउंट ऑबर्नमध्येच चिरनिद्रा घेत आहेत. पाखरू हातात यायलाच हवे, या हट्टापासून ते दुरून पाहून समाधान मानण्यापर्यंतचा प्रवास त्यांच्या दोन आयुष्यांत सामावला आहे. आज कॅमेऱ्याच्या आगमनाने तोच प्रश्न पुन्हा उभा केला आहे: किती जवळ जायचे?

छायाचित्रकाराची सकाळ

शरदातील दफनभूमी छायाचित्रकाराला भुरळ घालते, यात नवल नाही. दिवस लहान झाल्यावर झाडे पानांतील हरितद्रव्य पुन्हा बनवणे थांबवतात. ते विरले की त्याखाली दडलेले पिवळे आणि नारिंगी रंग उघडे पडतात. मेपलसारख्या झाडांत साखरेपासून लाल रंगद्रव्यही तयार होते. बॉस्टनच्या परिसरात ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हा रंगोत्सव ऐन भरात असतो. मात्र तोपर्यंत बहुतेक वॉर्ब्लर निघून गेलेले असतात. रंगीत पानांवर बसलेल्या पाखराचे चित्र हवे असेल तर किंगलेट, वॅक्सविंग किंवा यलो-रम्प्ड वॉर्ब्लर यांची आशा धरावी. वॉर्ब्लरांची विविधता हवी असेल तर सप्टेंबरच्या हिरव्या पार्श्वभूमीवर समाधान मानावे.

तंत्राच्या अंगाने काही गोष्टी अनुभवाने सिद्ध झाल्या आहेत. सूर्य पाठीशी ठेवून पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत गेल्यास सकाळचे तिरपे ऊन पाखराच्या अंगावर पडते. वॉर्ब्लर क्षणभरही स्थिर बसत नाहीत, म्हणून एक हजारांश सेकंदाच्या आसपासचा वेग ठेवावा लागतो. चारशे ते सहाशे मिलिमीटरची भिंग पुरेसे अंतर राखून काम करू देते. उजळ आकाशासमोर बसलेले पाखरू काळे पडते, तेव्हा प्रकाशाची मात्रा एक-दोन पायऱ्या वाढवावी. पाखराचा पाठलाग करण्यापेक्षा फळांनी लदलेले एखादे झाड किंवा तळ्याचा उथळ काठ हेरून तेथे अर्धा तास स्वस्थ बसणे अधिक फलदायी ठरते. नव्या कॅमेऱ्यांत आवाज न करणारे शटर असते, त्याचा अशा जागी दुहेरी उपयोग होतो. पाखरे दचकत नाहीत आणि शेजारच्या थडग्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या एकांतातही व्यत्यय येत नाही.

संयम एक, मर्यादा दोन

माउंट ऑबर्न ही आजही वापरात असलेली दफनभूमी आहे, हे पाहुण्यांनी विसरून चालत नाही. तेथे अंत्यविधी होतात, आप्तांच्या भेटी होतात. म्हणून आत कुत्री आणता येत नाहीत, धावण्याचा व्यायाम करता येत नाही आणि वनभोजनाचे बेतही आखता येत नाहीत. हे नियम केले गेले ते मृतांचा मान आणि शोकाकुलांचा एकांत राखण्यासाठी. पण त्यांचा लाभ पाखरांच्या पदरात पडला. जमिनीवर चरणाऱ्या थ्रश किंवा चिमणीला मोकाट कुत्रा हे मोठे संकट वाटते. धावत येणारा माणूस वाटेवरून चालणाऱ्यापेक्षा तिला अधिक दचकवतो. खरकटे पडले नाही की अंडी-पिल्ले पळवणारे प्राणी वाढत नाहीत. शेजारच्या सार्वजनिक उद्यानात जो निवांतपणा कायद्याने आणता येत नाही, तो येथे शोकाच्या शिष्टाचाराने आपसूक मिळाला आहे. या दफनभूमीचे पक्षिवैभव तिच्या झाडांइतकेच माणसांच्या या वागण्यावर उभे आहे.

ते वागणे सैल पडले तर काय होते, याचा अनुभव घुबडांच्या निमित्ताने ठिकठिकाणी येतो. ग्रेट हॉर्न्ड आउल हे आपल्या शृंगी घुबडाच्या कुळातील मोठे घुबड अशा जुन्या झाडीत राहते. दिवसा ते फांदीशी अंग चोरून झोपते. त्याचा ठावठिकाणा मोबाइलवरून पसरला की तासाभरात झाडाखाली गर्दी जमते. त्या हालचालीने कावळ्यांचे लक्ष वेधले जाते, ते घुबडाला घेरून हैराण करतात आणि रात्री शिकारीला निघण्याआधीच त्याची शक्ती खर्ची पडते. पाखराला समोर आणण्यासाठी त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवणे हाही असाच प्रकार. प्रतिस्पर्धी आला या समजुतीने पाखरू खाणे सोडून धावत येते. छायाचित्रकाराला हवी ती चौकट मिळते, पाखराच्या हाती काहीच लागत नाही.

त्यामुळे अनुभवी मंडळींनी काही पथ्ये स्वतःला घालून घेतली आहेत. पाखराने चरणे थांबवून आपल्याकडे पाहिले की तेथेच थांबायचे, ते उडाले तर आपण जास्त जवळ गेलो असे समजायचे. घुबडाची जागा जाहीर करायची नाही आणि त्याच्यावर फ्लॅश टाकायचा नाही. थडग्यावर बसायचे नाही, त्यावर कॅमेऱ्याची तिवई टेकवायची नाही. नव्याने मातीत ठेवलेल्या कोणाचे नाव चित्राच्या चौकटीत येऊ द्यायचे नाही. अंत्ययात्रा दिसताच त्या वाटेवरून दूर व्हायचे, मग समोर कितीही दुर्मीळ पाखरू असो. पाखरांसाठीची आणि माणसांसाठीची पथ्ये वेगवेगळी मांडली तरी त्यांतील संयम एकच असल्याचे ध्यानात येते.

हा संयम आता पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे. उत्तर अमेरिकेत १९७० नंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत पक्ष्यांची संख्या जवळजवळ तीन अब्जांनी घटली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. अधिवासांचा नाश हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. अमेरिकेत दरवर्षी कोट्यवधी पक्षी इमारतींच्या काचांवर आपटून मरतात. शहरांचे रात्रीचे दिवे स्थलांतरितांना वाटेवरून भरकटवतात आणि या काचांकडे ओढतात. अशा शहरात उतरलेल्या पाखराला दिवसभर निर्धास्त चरता येईल असे काही एकरही फार मोलाचे असतात.

देवराई, डुंगरवाडी आणि शिवडी

श्रद्धेने राखलेली जागा पाखरांना आश्रय देते, हे महाराष्ट्राला नवीन नाही. सह्याद्रीतील देवराया देवाच्या धाकाने आणि आदराने शतकानुशतके टिकल्या. तेथील झाड तोडायचे नाही, हा संकेत वनखात्याच्या कायद्याहून जुना आहे. मुंबईत तर मृत्यू आणि पक्षी यांचे नाते याहूनही निकटचे होते. मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाचा अंत्यविधी गिधाडांवर अवलंबून होता. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन ती मरत आहेत, हे २००४ मध्ये निश्चित झाले आणि २००६ मध्ये या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर भारतात बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली होती. पाखरे गेली की माणसाचा विधीही कसा अडतो, याचा हा जिवंत दाखला.

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीचा इतिहास तर माउंट ऑबर्नशी विलक्षण साधर्म्य सांगतो. १८३० च्या दशकात, म्हणजे बॉस्टनकर आपली बाग आखत होते त्याच सुमारास, मुंबईतील कृषी-उद्यान संस्थेने शिवडीला बगिचा उभारला होता. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५ मध्ये ती जागा युरोपीय लोकांच्या दफनभूमीसाठी घेतली. व्हिक्टोरिया टर्मिनसची देखणी वास्तू उभारणारे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स येथेच विसावले आहेत. बॉस्टनमध्ये उद्यानविद्येच्या संस्थेने दफनभूमी निर्माण केली, मुंबईत उद्यान संस्थेच्या बगिच्याची दफनभूमी झाली. दोन्हीकडे भोवतालचे शहर दाटत गेले.

आपल्याकडेही शरद हा पाहुण्यांचा ऋतू आहे. अमेरिकेत तो निरोपाचा असतो, आपल्याकडे आगमनाचा. हिमालयातून आणि मध्य आशियातून निघालेले करडे धोबी आणि चिमुकले पर्णवटवटे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंबई-पुण्याच्या परिसरात येऊन ठेपतात. हेही रात्रीचा प्रवास करून पहाटे हिरवा ठिपका शोधणारे वाटसरू आहेत. मुंबई-पुण्यातील दफनभूमी, स्मशानांच्या आवारातील वड-पिंपळ आणि जुनी मंदिरांची आवारे यांत त्यांना विसावा मिळू शकतो. तेथे दुर्बीण घेऊन जाण्यापूर्वी व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी, कोणाच्या दुःखाच्या वेळी दूर राहावे आणि झाडांवर दिवे व ध्वनिक्षेपक बांधले जात असतील तर त्याविषयी नम्रपणे सांगून पाहावे. बॉस्टनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर सप्टेंबरमधील एखादी गार सकाळ माउंट ऑबर्नसाठी सहज राखून ठेवता येईल.

दफनभूमीतील जमिनीचा भाव कोणी विचारत नाही, म्हणूनच तेथील झाडाला म्हातारे होण्याची मुभा मिळते. शहरात अशा जागा मोजक्याच उरल्या आहेत. त्या विस्तारासाठी, पार्किंगसाठी किंवा सुशोभीकरणासाठी साफ करण्याचा प्रस्ताव जेव्हा पुढे येईल, तेव्हा तेथे झोपलेल्यांच्या वतीने बोलणारे आप्त असतीलच असे नाही. त्या झाडांवर दरवर्षी शरदात कोण उतरते, याच्या तारीखवार नोंदी आणि छायाचित्रे हाती असतील, तर पाखरांच्या वतीने बोलणे तरी शक्य होईल. पक्षिनिरीक्षकांच्या वहीचा आणि कॅमेऱ्याचा याहून चांगला उपयोग दुसरा नसेल.